"हे कोनाच्या पोरीनं म्हनलं?"

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्या माझ्या भाचीने मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला जात्यावरची ओवी रचायला सांगितली आणि क्षणात उमटलेल्या ओळी आजीला मोठ्याने वाचून दाखवल्या. यमक जुळलेले होते, माहेर होते, भाऊराया होता, पंढरीची वाटही होती. ओसरीवर सुपात तूर निवडत बसलेल्या माझ्या आईने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "हे कोनाच्या पोरीनं म्हनलं?"

भाचीजवळ उत्तर नव्हते, माझ्याजवळही नव्हते, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

यंत्र आले की कल्पनाशक्ती मरते, हे म्हणणे मला पटत नाही, कारण ओवी वाढली तीच मुळी एका यंत्राच्या सोबतीने. दगडाच्या दोन तळ्या, एक खुंटा आणि मूठमूठ दाण्यांची वैरण घालायचे तोंड, एवढेच ते यंत्र. पण त्याच्या फेऱ्यांनी ओवीला लय दिली, त्याच्या घरघरीने सासरी मोकळे बोलू न शकणाऱ्या बाईला आडोसा दिला, आणि समोर बसून तोच खुंटा ओढणाऱ्या दुसऱ्या बाईच्या रूपाने ऐकणारे माणूसही दिले. हात दळणात गुंतलेले आणि मन मोकळे, अशा त्या पहाटेच्या वेळी जे सुचत गेले, ते एरवी कधी सुचले असते असे मला वाटत नाही.

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात विजेची चक्की आली तेव्हा मी लहान होते. आई अजूनही म्हणते, "जातं गेलं तं पाठ वाचली. पन माहेरचं आता कोनाले सांगू?" यातले पहिले वाक्य विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणे मला अन्यायाचे वाटते, कारण घरभराची ज्वारी रोज दळणाऱ्या बायांच्या खांद्यांनी त्या ओव्यांची किंमत मोजली होती. दुसऱ्या वाक्यातली उणीव मात्र भरून निघालेली नाही.

मोबाईलमधली ही बुद्धिमत्ता अफाट मजकुरातून कोणत्या शब्दांमागे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे शिकलेली असते आणि त्या अंदाजाने एकेक शब्द पुढे ठेवत जाते. तिची ओवी वाईट नव्हती; कित्येक बायांचे बोलणे त्यात विरघळलेले असणार. पण त्यातला भाऊराया कोणाचाच भाऊ नव्हता आणि त्याची वाटही कोणी पाहत नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी उभ्या केलेल्या कामातून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांची नावे आणि गावेही नोंदली गेली, याचे मोल मला आता कळते. आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रचले ते पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या हौसेखातर. सातशे वर्षे उलटली तरी ते कोणी म्हटले आणि कोणासाठी म्हटले, हे आपल्याला सांगता येते. माणसाची कल्पना अशी कोणाकडून तरी निघून कोणाकडे तरी जात असते, आणि माझ्या लेखी माणूसपण तिथेच आहे.

त्या दिवशी भाचीने हट्ट धरला म्हणून आईने एक ओवी सुरू केली, पण पहिल्या ओळीनंतर ती अडली आणि कितीही आठवले तरी पुढचे येईना. मग तिने कोपऱ्यातले जाते पुढे ओढायला लावले, जे आता फक्त डाळ भरडायला आणि लग्नाच्या हळदीला निघते, आणि भाचीला समोर बसवले. भाची खुंटा फिरवू लागताच आईने तिचा हात थांबवला, कारण रिकामे जाते फिरवू नये. सुपातली मूठभर तूर जात्याच्या तोंडात पडली, तळी जड होऊन घरघरू लागली, आणि तिसऱ्या फेऱ्याला दुसरी ओळ आली. त्या ओळीत पूर्वी माझ्या मोठ्या बहिणीचे नाव असे. तिथे आईने तिच्या लेकीचे घातले.