आधी आत पडतो, मग फुटतो

संक्रांतीला ताई मुलांना घेऊन माहेरी आली, तेव्हा सोलापुरात गड्ड्याची यात्रा रंगात होती. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघून आलो आणि तसेच गच्चीवर गेलो. मृग नक्षत्र चांगलं वर आलं होतं. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या डावीकडचा तांबूस काक्षी तारा मी भाचीला दाखवला आणि म्हणालो, "हासुद्धा एक दिवस फुटणार आहे. मघाच्या दारूकामासारखा!"

सहा वर्षांची पोर. एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मामा, सूर्य पण फुटेल?"

त्या रात्री ती ताईला घट्ट बिलगून झोपली आणि मला झोप लागेना. लेकराला भीती घातली होतीच, वर सांगितलं तेही चुकीचं. फटाक्यातली दारू पेटते म्हणून तो फुटतो. मोठ्या ताऱ्याचं उलटं असतं, त्याच्या पोटातला जाळ संपतो म्हणून तो फुटतो.

सकाळी आई चुलीवर भाकऱ्या करत होती. भाचीला शेजारी बसवलं. भाकरी जाळाला लावली की टम्म फुगते, कारण आतली वाफ बाहेर ढकलते. बाजूला ठेवली की हळूहळू खाली बसते. ताराही असाच आतल्या उष्णतेच्या जोरावर फुगून उभा असतो, नाहीतर त्याचं स्वतःचंच वजन त्याला आत ओढत असतं. आधी हायड्रोजन जळतो, मग हीलियम, असं करत करत पोटात लोखंड साठतं. लोखंड जाळून उष्णता मिळत नाही. मग गाभा एका सेकंदाच्याही आत कोसळतो.

"मग फुटतो कसा?" तिनं नेमकं विचारलं.

बास्केटबॉलवर छोटा रबरी चेंडू ठेवून दोन्ही एकदम सोडले. बास्केटबॉल जमिनीवर आपटला आणि रबरी चेंडू थेट छपराला लागला. कोसळता गाभा एका क्षणी इतका घट्ट होतो की त्याला आणखी दाबता येत नाही. वरून पडणारा थर त्यावर आदळून उसळतो. (खऱ्या ताऱ्यात न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा फार मोठा हात असतो. ते ती मोठी झाल्यावर सांगेन.)

सूर्याचं उत्तर मात्र मी आडवळणानं दिलं नाही. नाही फुटणार. त्यासाठी तारा सूर्याच्या साधारण आठपट तरी जड लागतो. काक्षी फुटेल, पण लाखभर वर्षांत कधीतरी, आणि तो आपल्यापासून शेकडो प्रकाशवर्षं लांब आहे. इ. स. १०५४ मध्ये असाच एक तारा फुटलेला दिसला. चीनमधल्या लोकांनी लिहून ठेवलंय, तो २३ दिवस भर उन्हातसुद्धा दिसत होता. पृथ्वीवर कुणाला खरचटलंही नाही.

"आणि आजीचा तवा?" मी म्हणालो. "त्यातलं लोखंड पृथ्वी व्हायच्या आधी फुटलेल्या ताऱ्यांमधूनच आलंय." तिनं तव्याकडे बघितलं, मग आजीकडे. आई म्हणाली, "असू दे, भाकरी करपेल."

दुपारी गच्चीवरून धपधप आवाज आला. वर जाऊन बघतो तर शेजारची तीन पोरं गोल करून बसलेली आणि ही दोन चेंडू हातात धरून सांगत होती, "आधी आत पडतो हं. मग फुटतो."