‘तारण कधी झालं?’ या रकान्यापाशी अडलेली नोकरी

मुलाखत तासाभरात उरकली. सर्व्हर सांभाळता येतात हे त्यांना पटलं, पगार ठरला. मग अर्जाचा दुसरा भाग आला आणि गाडी रुतली.

अमेरिकेच्या दक्षिणेकडचं हे विद्यापीठ, बॅप्टिस्ट वळणाचं : म्हणजे आधी कळत्या वयात स्वतः येशूला स्वीकारायचं, बाप्तिस्मा त्यानंतर. अर्जात रकाना होता : ‘येशूला आपला तारणारा म्हणून तुम्ही केव्हा स्वीकारलं? तारीख लिहा.’

आता मी नगरचा. (कागदोपत्री अहिल्यानगर; तोंडात नगरच.) अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ साली पोचलं, आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. तान्हेपणी बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी दृढीकरण (तोच विश्वास चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा विधी), रविवारी ना. वा. टिळकांची पदं, नाताळात करंज्या. तारीख कुठली काढू? लिहिलं, ‘जन्मापासून’. अर्ज परत.

दृढीकरणाची तारीख टाकली. पुन्हा परत : हा विधी झाला, तुमचा निर्णय केव्हाचा?

त्यातच पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, पत्र हवं, आणि तो पाळक तुम्हाला निदान वर्षभर ओळखणारा हवा. मला त्या शहरात येऊन तीन महिने झालेले. म्हणून नगरच्या पाळकसाहेबांना फॉर्म पाठवला. त्यांनी छापून, निळ्या पेनने भरून, टेबलावर ठेवून फोटो काढला. कोपऱ्यात चहाची बशी. ‘अर्जदाराची प्रभूबरोबरची चाल कशी आहे?’ यापुढे लिहिलेलं : ‘चांगली. आईवडील परिचयाचे.’ मला हसू आलं. मनुष्यबळ विभागातल्या बाईंना आलं नाही. त्यांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे’ असायचं आणि फाईल होती तिथेच असायची. पाच आठवडे!

वैतागून शोधाशोध केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धार्मिक संस्थांना आपल्याच धर्माची माणसं नेमायची मुभा आहे. १९७२ च्या दुरुस्तीने ती त्यांच्या सगळ्याच कामांना लागू झाली. १९८७ साली व्यायामशाळेची इमारत सांभाळणाऱ्या एकाला चर्चने काढलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही चर्चचीच बाजू उचलून धरली. म्हणजे सर्व्हरवाल्याने तोंड मिटून फॉर्म भरावा.

शेवटी फोन केला. बोलता बोलता आजी गेली ती रात्र सांगितली : अकरावीत होतो, दवाखान्याच्या जिन्यात बसून पहिल्यांदा माझी मी प्रार्थना केली, कुणी म्हणायला लावली नव्हती. मनुष्यबळवाल्या बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “हीच तुमची साक्ष. हे लिहा.” साक्ष म्हणजे आपण विश्वासाकडे कसे आलो त्याची हकिकत. तारखेच्या जागी महिना आणि वर्ष चाललं. दोन दिवसांत नेमणूकपत्र आलं. तेव्हा साक्ष गोष्टीसारखी लिहा, एक रात्र पकडा. आजीचं मरण मी रकाना भरायला वापरलं, हे मात्र अजून टोचतं.

वर्तणुकीचा करारनामा मुलाखतीआधीच मागून घ्या, हे आधी सांगायला हवं होतं. आमच्या विद्यापीठात नोकरी करणाऱ्याला दारू घरीसुद्धा चालत नाही, आणि विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, यावर सही लागते. दर वसंतात नव्याने. ज्याला पटत नाही त्याने सही करून आत शिरू नये. भीत भीत वावरणारे पाहिलेत मी.

व्हिसावाल्यांसाठी : ना-नफा विद्यापीठांना एच-१बीची (परदेशी नोकरदारांच्या व्हिसाची) लॉटरी लागू नाही. मी इकडे वळलो त्याचं खरं कारण हेच, साक्षीत ते अर्थातच लिहिलं नाही.

बाकी माणसं मायेची. मुलगी झाली तेव्हा दोन आठवडे रोज कुणी ना कुणी जेवण आणून देत होतं, आणि त्यात त्या बाईही होत्या. मिरची न घातलेला चिकन-भात घेऊन दारात उभ्या. आत येऊन बाळाला पाहिलं आणि विचारलं, “बाप्तिस्मा मोठी झाल्यावरच ना?”

नगरहून पाळकसाहेबांनी तारीख कळवून ठेवली होती. मी भाताचं भांडं हातात घेतलं आणि “बघू” म्हणालो.