शोले आणि सत्तर एमएम

“शोले ७० एमएमवर शूट झालाय, म्हणून एवढा भव्य!” शेजारच्या टेबलावरचं हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

शोले शूट झाला ३५ एमएम (मिलिमीटर) रुंदीच्या फिल्मवर. ७० ची प्रिंट नंतर ब्लो-अप करून, म्हणजे चित्र मोठं करून काढली. त्यातून सहा ट्रॅकचा स्टिरिओ आवाज मिळाला, पडद्यावर उजेड वाढला. पण निगेटिव्हमध्ये (कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्ममध्ये) जे टिपलंच नाही, ते ब्लो-अपने कुठून येणार? निगेटिव्हचे ग्रेनही (फिल्मवरचे बारीक कण) त्याच्याबरोबर मोठे होतात.

खरी मजा मोठ्या निगेटिव्हची. त्यासाठी कॅमेऱ्यात ६५ एमएम फिल्म असते; ७० एमएम प्रिंटचे जादा ५ एमएम मुळात मॅग्नेटिक साउंडट्रॅकसाठी.

आयमॅक्समध्ये हीच फिल्म आडवी धावते, एका फ्रेमला कडेची १५ छिद्रं. १००० फुटांचं मॅगझिन (कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा) जेमतेम ३ मिनिटं पुरतं. नेहमीच्या ३५ एमएमला तेच ११ मिनिटं जातं. कॅमेरा शिवणयंत्रासारखा खडखडतो, त्यामुळे संवाद बऱ्याचदा डब करावे लागतात. त्यात लेन्स लांब फोकल लेंग्थची, म्हणून डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीपर्यंत चित्र स्पष्ट दिसतं ती) अगदी कमी. क्लोज-अपमध्ये डोळे शार्प, कान सॉफ्ट. नट इंचभर पुढे झुकला की शॉट गेला. शॉट चालू असताना फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरचे हाल विचारू नका!

एवढं सोसून लोक अजूनही त्यावर शूट करतात. तुम्ही खऱ्या ६५ एमएम निगेटिव्हवरची प्रिंट थिएटरात पाहिलीय का? कुठली?