सेलोटेपने फसवलं

गुरांचा डॉक्टर होऊन मी उंदीर सांभाळतो, हे गावी अजून कुणाला पटत नाही. आत्या विचारते, "उंदराचं औषध म्हणजे मारायचंच ना रे?"

आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, दुसऱ्या संस्थेतून जनुक बदललेले उंदीर आले. आरोग्याचा दाखला स्वच्छ. तरी वेगळे ठेवून मी नेहमीची तपासणी केली: गुदद्वारापाशी सेलोटेप दाबायची, काचपट्टीवर चिकटवायची, मायक्रोस्कोपखाली कृमींची अंडी शोधायची. काही नाही. घेतले आत.

बाकीच्यांचा वापरलेला भुसा आम्ही काही उंदरांच्या पिंजऱ्यात मुद्दाम टाकतो, म्हणजे खोलीत काही शिरलं तर त्यांनाही लागण होते आणि कळतं. तीन महिन्यांनी त्या पहारेकऱ्यांचं शवविच्छेदन केलं, तर मोठ्या आतड्यात पांढऱ्या दोऱ्यांची वळवळ. ॲस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेरा, उंदरांच्या आतड्यातला कृमी!

चूक माझीच. सिफेशिया ही कृमींची दुसरी जात गुदद्वारापाशी अंडी घालते, म्हणून टेपवर सापडते. ॲस्पिक्युल्युरिसची अंडी लेंड्यांतून पडतात. लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवून तरंगणारी अंडी बघायला हवी होती. विद्यार्थ्यांना हेच शिकवत होतो मी.

औषध सोपं होतं: किलोभर खाद्यात 150 मिलिग्रॅम फेनबेंडाझोल हे कृमिनाशक, एक आठवडा ते, एक आठवडा साधं. अवघड होती माणसं. प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "माझे उंदीर ठणठणीत आहेत. औषधाने डेटा बिघडेल." ठणठणीत होतेच, तीच तर गोम. हे कृमी सहसा उंदराला आजारी पाडत नाहीत, गुपचूप प्रतिकारशक्तीचा कल फिरवतात. म्हणजे डेटा कदाचित आधीच बिघडलेला. हे त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. औषधाबद्दलची त्यांची भीतीही अगदीच खोटी नव्हती; शेवटी त्यांनी चालू प्रयोग थांबवून नव्याने सुरू केला.

अंडी अल्कोहोलला दाद देत नाहीत, म्हणून पिंजरे, बाटल्या, भुसा सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेत. एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली. या जातीचं अंडं बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगं व्हायला जवळपास आठवडा घेतं. आठवड्यातून दोनदा पिंजरे बदलले की साखळी तुटते. पिंजरे धुणारे मामा वैतागले, "साहेब, उंदरांची दिवाळी आणि आमची धुणीभांडी!"

लागोपाठ चार तपासण्या कोऱ्या आल्या तेव्हा कुठे खोली कृमीमुक्त धरली. परवा नवे उंदीर आले. मी हातमोजे चढवतोय तोवर मामांनी लेंड्यांची पुडी टेबलावर आणून ठेवलेली. सेलोटेपचं रीळ त्यांनी आणलंच नव्हतं, ते मात्र मी परत मागवलं. सिफेशियाही आहेच की.