उलटं जा! आधी देऊळ, मग गरम कुंडं, भातखाचरं शेवटी

बालीत सहा दिवस होतो, त्यातला सगळ्यात लांबलचक दिवस हा, आणि चुकीच्या क्रमाने केलेलाही हाच. मे महिन्याची सुट्टी, मी, नवरा, आठ वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई. मुक्काम उबुदला. गाडी ड्रायव्हरसकट बारा तासांसाठी ठरवली होती आणि तेच करा, घाटातले रस्ते अरुंद आहेत, मधूनच मिरवणूक आडवी येते, स्कूटीवर तर हा पल्ला मुळीच नको.

आमचा क्रम असा होता: आधी जातिलुविहची भातखाचरं, मग बेदुगुलचं तळ्यातलं देऊळ, शेवटी उत्तरेला बंजारची गरम पाण्याची कुंडं आणि तिथून परत. कागदावर सोपं वाटतं. निघायलाच साडेआठ वाजले (कोणामुळे ते लिहीत नाही, घरात वाचतात) आणि त्यानंतर दिवसभर आम्ही उशिराच्या मागे धावतोय.

जातिलुविह मात्र काय सांगू! उबुदजवळचं तेगलालांग सगळ्यांना माहीत असतं, ते झोपाळे वगैरे, पण हे त्याच्या कितीतरी पट मोठं, सहाशे हेक्टरच्या वर पसरलेलं, बातुकारू डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी खाली जाणारी खाचरं. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत बालीची 'सुबाक' पद्धत गेली त्यात हा भागही आहे. सुबाक म्हणजे एका पाटावरच्या शेतकऱ्यांची मंडळी. कधी पेरायचं, पाणी कोणाला कधी, पाट कोणी साफ करायचा, सगळं एकत्र बसून ठरवतात आणि प्रत्येक सुबाकचं स्वतःचं देऊळ असतं. माझं माहेर साक्रीचं, मला लगेच पांझरेकाठची आपली फड पद्धत आठवली, तीच सामायिक पाण्याची शिस्त, आपल्याकडे पाणी वाटणारा पाटकरी असतो, इथे देवी आहे एवढाच फरक. बांधावरून पाण्याचा आवाज सतत सोबत असतो. पायवाटांना रंगांच्या खुणा आहेत, सगळ्यात छोटी घेतलीत तरी पुरे, पण सँडल नको, शेवाळावर नवरा एकदा छान बसला. लाल तांदळाचा भात इथे खाऊन बघा, जरा टणक लागतो पण चव आहे त्याला.

बेदुगुलला पोचेस्तोवर एक वाजला आणि तिथे धुकं. म्हणजे पन्नास हजार रुपियांच्या (तिथलं चलन) जुन्या नोटेवर जे देऊळ छापलंय, पुरा उलून दानू ब्रातान, ते आमच्यासमोर वीस पावलांवर आणि दिसतोय फक्त अर्धा कळस. मग पाऊस. साधारण बाराशे मीटर उंचीवर आहे हे, दुपारी असं होतंच म्हणे, ड्रायव्हरने सकाळीच सुचवलं होतं, आम्ही ऐकलं नाही. १६३३ सालचं देऊळ, तळ्याची देवी म्हणजे देवी दानू, आणि खालच्या शेतांना पाणी देणारी म्हणून सुबाकवाले हिलाच मानतात. अकरा छपरांचा मेरू, म्हणजे देवळाचा मनोरा, पाण्यात उभा आहे. आपल्यासारखं गाभाऱ्यात जाऊन दर्शन हा प्रकार नाही, आतल्या आवारात पर्यटकांना सोडत नाहीत. सासूबाईंना हे पटलं नाही, त्या बाहेरूनच हात जोडून उभ्या राहिल्या, तेव्हा पूजेला आलेल्या एका बाईंनी हसून 'ओम स्वस्त्यस्तु' (त्यांचा नमस्कार) म्हटलं आणि मग त्यांचं समाधान झालं.

देवळांबद्दल एक: सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) आणि कमरेला पट्टा लागतो, बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण एखादा विकत घेऊन गाडीत ठेवा, कुंडावर टॉवेल म्हणूनही चालतो. पाळीच्या दिवसांत प्रवेश नाही अशा पाट्या असतात, त्यावर मत काहीही असो, आधी माहीत असलेलं बरं.

बंजारला पोचलो तेव्हा साडेचार. हिरवट-पिवळं, गंधकाचं पाणी, वरच्या हौदात आठ दगडी नागांच्या तोंडातून पडतं, तिथून खालच्या मोठ्या हौदात, आणि बाजूला उंचावरून पडणाऱ्या तीन धारा आहेत त्यांच्याखाली खांदे धरायचे, दिवसभराच्या गाडीचा शीण उतरतो. पाणी साधारण ३७-३८ अंश, म्हणजे वज्रेश्वरीसारखा चटका नाही, मुलंही आरामात बसतात. सासूबाई म्हणाल्या, "आपली वज्रेश्वरीच की गं, फक्त पासपोर्ट लागला." पण त्या वेळी गर्दी एवढी की नागाच्या तोंडाखाली नंबर लावावा लागला. आणि महत्त्वाचं, चांदी काढून ठेवा!! सासूबाईंची जोडवी अर्ध्या तासात काळी ठिक्कर. घरी येऊन टूथपेस्टने घासली तेव्हा कुठे उजळली.

परतीचे तीन तास, मुलगा दोनदा ओकला, हॉटेलवर पोचायला नऊ वाजून गेले.

म्हणून सांगते, उलटं जा. पहाटे साडेपाचला निघा, सातच्या सुमारास बेदुगुल, तेव्हा तळं स्वच्छ दिसतं. तिथून बंजार दहाच्या आत. येताना मुंडुक गावात जेवण, वाटेत बुयान आणि ताम्ब्लिंगान ही जोडतळी वरून दिसतात (तिथल्या माकडांपासून चष्मा सांभाळा). आणि तीन-साडेतीनला जातिलुविह, उतरत्या उन्हात. तनाह लोत (समुद्रकाठचं प्रसिद्ध देऊळ) याच दिवसात कोंबू नका, ड्रायव्हर हो म्हणेल तरीही.

शाकाहारी असाल तर गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) भरवशाचे, पण 'तनपा तेरासी' म्हणायला शिका, म्हणजे कोळंबीचं वाटण नको, नाहीतर चटणीत ते असतंच. सुटे रुपिया ठेवा, पार्किंग, लॉकर, टॉयलेट सगळीकडे रोखच द्यावे लागले. पर्यटकांचा दीड लाख रुपियांचा कर (२०२४ पासून आहे) ऑनलाइन आधीच भरा, आणि व्हिसाचे पाच लाख वेगळे. आकडे ऐकून दचकू नका, एक लाख म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशेच पडले आम्हाला. मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपीची तारीख बघून तिकिटं काढा, ते त्यांचं शकाचं नवीन वर्ष, त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो आणि हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकू देत नाहीत.