आधी सोडतो, मग फोन करतो

व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर माझ्या मोबाइलमधे १४ महिने पडून होता. 'इलेक्ट्रिशियन' नावाने सेव्ह केलेला, कुणाच्या नजरेस पडला तर काय सांगायचं म्हणून. किती वेळा उघडला असेल तो देव जाणे, आणि दरवेळी मनात एकच यायचं की आत्ता नको, आधी निदान आठ दिवस कोरडा राहून दाखवतो आणि मग फोन करतो. पिऊन कुठल्या तोंडाने सांगायचं की मला दारू सोडायचीये?

हे पूर्ण उलटं आहे आणि ज्याच्या मोबाइलमधे आज असा एखादा नंबर पडून आहे त्याला तेवढंच सांगायला मी हे लिहितोय. सोडून मग जायचं नसतं. पीत असतानाच जायचं असतं.

मी फोन केला तो दुपारी साडेचारला, जिन्यात बसून. दोन पेग झाले होते. पलीकडे एक बाई होत्या, आवाज शांत, कसली घाई नाही. मी पाठ केलेलं वाक्य बोललो, एका मित्रासाठी चौकशी करायची होती. त्यांनी काही उलटतपासणी केली नाही. शेवटचं कधी प्यायला? आज दुपारी. रोज साधारण किती? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? हो थरथरतात. मग? मग थोडी घेतो, तेव्हा थांबतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो.

मराठीत 'तो धरतो' आणि 'मी धरतो' यात क्रियापद सारखंच. मी सगळी उत्तरं 'तो' गाळून देत गेलो आणि मित्र कुठे संपला आणि मी कुठे सुरू झालो ते मलाही कळलं नाही, त्यांना मात्र कळलं असणार कारण पुढचा प्रश्न होता, "तुम्हाला कधी फिट आली होती का?" तुम्हाला. मी नाही म्हटलं. गळा दाटून आला होता.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी स्वप्नातही ऐकलं नसतं. म्हणाल्या, आज रात्री एकटे असताना एकदम बंद करू नका. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील कसं थांबवायचं ते. आणि त्याआधी फिट आली किंवा भास व्हायला लागले तर आमची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

का, ते मला नंतर समजलं. दारू मेंदूला सतत शांत करत असते, म्हणून वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला स्वतःला जास्त जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक काढली की ते दाबून ठेवणारं वजन जातं आणि उत्तेजना तेवढीच राहते. ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, त्यात जीवही जाऊ शकतो. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण कुणाला होईल ते घरबसल्या ठरवता येत नाही. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांची सवय लागलेल्यांनीही त्या मनाने एकदम बंद करू नयेत, तिथेही फिटचा धोका असतो.

मी तीन वेळा घरी एकट्याने सोडून बघितली होती. तिसऱ्या वेळी दुसऱ्या रात्री उशी घामाने चिंब झालेली, भिंतीच्या कोपऱ्यात काहीतरी सरकतंय असं वाटत होतं, पहाटे उठून प्यायलो आणि सगळं शांत झालं. ती पहाट मी कित्येक महिने स्वतःच्या नालायकीचा पुरावा म्हणून जपून ठेवली होती. मनात आणलं तर सुटते असं सगळे म्हणतात ना. मनात होतंच हो माझ्या. शरीराला औषधाची गरज होती.

फोन ठेवताना त्या म्हणाल्या, सोबत कोण येईल? मी म्हटलं कुणी नाही. "एकाला तरी सांगा आज."

मी ताईला फोन केला. काय बोललो नीट आठवत नाही, ती जरा वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "किती वाजता जायचंय?" रात्री ती आली तेव्हा तिने सांगितलं की कुणीतरी तिला एका गोळीचं नाव दिलं होतं, जेवणात मिसळून द्या, पिणं आपोआप सुटतं म्हणून. तिने दिली नाही याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. डायसल्फिराम नावाचं ते औषध. त्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळू शकतो. माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यायचं असतं. चोरून कधीच नाही, कितीही जीव तुटत असला तरी.

दुसऱ्या दिवशी आधी एक प्रश्नावली भरायला दिली, जागतिक आरोग्य संघटनेची, १० प्रश्न, ४० पैकी गुण. ८ किंवा जास्त असतील तर धोका, २० किंवा जास्त असतील तर दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता. माझे २९ आले. मला वाटलं होतं आता कुणीतरी रागवेल, पण तसं काहीच नाही, डॉक्टरांनी आकडा वाचला आणि विचारलं जेवण जातं का, झोप लागते का, अजून काय औषधं चालू आहेत. बी१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन लिहिलं, दारूने ते शरीरातून फार कमी होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते म्हणून. पहिले काही दिवस ॲडमिट राहायचं, थरथर आणि फिट टाळायला गोळ्या, त्या रोज कमी करत न्यायच्या. हा फक्त पहिला टप्पा, खरं काम त्याच्या पुढे आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग म्हणाले, दोन्ही हात समोर करा, बोटं फाकवा.

ताई शेजारच्या खुर्चीत होती. तिच्यासमोर मी कायम हात खिशात घालून उभा राहायचो, नाहीतर मांडीखाली दाबून बसायचो. खिडकीतून ऊन येत होतं, बोटं स्पष्ट दिसत होती, करंगळी तर वेगळीच हलत होती. ताईने मान फिरवली नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, झालं, घ्या खाली.