लोकर, सूत आणि चरखा: विणणाऱ्यांसाठी नागपूर-वर्ध्याचे दोन दिवस

विणकामासाठी नागपूरला जायचं असेल तर शनिवार-रविवार धरा आणि शनिवारची सकाळ बाजाराला द्या. इतवारी-गांधीबागेतली ठोक मालाची बरीच दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे क्रम उलटा केलात तर रिकाम्या हातानं परतावं लागेल. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला निवडा. थंडीत दुकानांत माल भरलेला असतो, दुपारीही पायी फिरता येतं आणि आपल्या विदर्भात लोकर हातात धरवते ती याच दिवसांत.

मी अमरावतीहून शुक्रवारी संध्याकाळी निघाले आणि आत्याकडे मुक्काम केला. ज्यांचं नागपुरात कुणी नाही त्यांनी शंकर नगर किंवा बर्डीच्या (सीताबर्डीच्या) आसपास राहायची सोय बघावी. कारण मेट्रोची ॲक्वा लाइन. शंकर नगर, सीताबर्डी, कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, अग्रसेन चौक, चितार ओळी चौक ही सगळी स्थानकं एकाच मार्गावर आहेत. विणणाऱ्या माणसाला नागपुरात जिथं जिथं जायचं असतं त्यातलं बहुतेक या एका लाइनवर येतं, आणि लोकरीच्या फुगलेल्या पिशव्या घेऊन ऑटोत कोंबून बसण्यापेक्षा मेट्रो कितीतरी सुखाची.

सकाळी तर्री पोहे खाऊन आत्येबहिणीबरोबर अग्रसेन चौकात उतरले. तिथून गांधीबागेत ऑटोनं गेलो, पुढे इतवारीच्या गल्ल्या पायीच. सकाळी अकराच्या सुमारास पोचलात तर दुकानदार निवांत असतात, लडी सोडून दाखवतात, हात लावू देतात. दुपारनंतर ठोक गिऱ्हाईक वाढतं आणि दोन-चार गुंड्यांच्या गिऱ्हाइकाकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

खरेदीचं सांगायचं तर पहिली गोष्ट लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर. लेबलवर रंगाच्या नंबरशेजारी तो छापलेला असतो. रंग तोच, पण लॉट वेगळा असेल तर स्वेटरच्या पाठीत एक आडवी रेघ उमटते आणि ती धुऊनही जात नाही. म्हणून लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्त घ्या आणि पावती जपून ठेवा. दुसरी गोष्ट, लेबल वाचा. लोकर म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतो. त्यात वाईट काही नाही, लहान मुलांचे रोज धुवायचे कपडे त्याचेच बरे. पण त्यावर गरम इस्त्री फिरली की वीण कायमची चपटी होते, हे माहीत असूनच घ्यावं. खऱ्या लोकरीला ऊब आणि लवचीकपणा दोन्ही असतं, फक्त ती ओली असताना कमजोर होते, तेव्हा पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा.

सुया घेताना नंबरावर विसंबू नका, मिलिमीटर विचारा. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकी नमुन्यांत उलटं असतं. तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. यूट्यूबवर बघून विणणाऱ्या मुलींचे स्वेटर दोन मापं लहान होतात त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

लोकर घेऊन झाल्यावर मी सुताकडे वळले. खरं तर या फेरीचा माझा हेतूच तो होता. आपण कापसाच्या मुलखात राहतो, वर्षातले आठ महिने घामात काढतो, आणि सुया हातात घेतल्या की फक्त लोकर आठवते. विदर्भातल्या विणणारीनं सुती विणकाम नीट शिकून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. झबली, उन्हाळी टॉप, पिशव्या, ओढण्या, सगळं सुतात होतं आणि वर्षभर वापरात राहतं.

दुपारचा वर्ग त्यासाठीच होता. शंकर नगरला एक काकू स्वतःच्या घरी सुती विणकाम शिकवतात. हॉलमध्ये सतरंजी, मोजक्या बायका, भिंतीला टेकून बसलेली एक कॉलेजची मुलगी आणि तिच्याबरोबर आलेला तिचा भाऊ, तोही सुया घेऊन. काकूंनी आल्या आल्या सगळ्यांना एक चौकोन विणायला लावला, सगळा सुलट-उलट साधाच. मग तो धुतला, चिमटे लावून दोरीवर टांगला, आणि वाळेपर्यंत आम्हाला बॉर्डर शिकवली. वाळल्यावर पुन्हा मोजला तर उंची वाढलेली.

"धुतल्याशिवाय माप धरायचं नाही जी," काकू म्हणाल्या. "सूत लोकरीसारखं परत जागेवर येत नाही."

हेच सुती विणकामाचं मर्म. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, ताणला तरी आखडून मागं येतो. कापसाच्या तंतूत ती उसळी नसते, त्यामुळे कपडा स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो. म्हणून बॉर्डरला अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुई घ्यायची, गळा ठरवताना झोळ धरून ठरवायचा आणि लांबी मुद्दाम थोडी आखूड ठेवायची. उलट कापसाचा एक मोठा गुण असा की तो ओला झाल्यावर जास्त बळकट होतो. घासा, उकळा, उन्हात टाका, काही होत नाही. चमकदार मर्सराइज्ड सूत कुठून येतं तेही काकूंनी सांगितलं. सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढतात, तंतू फुगून गोल होतो आणि त्याला झळाळी येते. क्रोशाच्या रुमालाला ते छान, त्यातले खांब आणि मुके खांब हे टाके मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसतात. अंगावरच्या कपड्याला साधं सूत बरं.

अशा घरगुती वर्गाला जायचं तर आधी फोन करून जागा धरून ठेवा, आणि येताना लाकडी किंवा बांबूच्या सुया आणा. ॲल्युमिनियमच्या सुयांवरून सुताचे टाके सटासट घसरतात, नवशिक्याचा जीव टांगणीला लागतो.

संध्याकाळी लक्ष्मीनगरला विणकाम गटाची बैठक होती. इथे शिकवणं असं काही नसतं. ज्याचं त्याचं काम मांडीवर, मध्ये सांबारवडीचं ताट, आणि अडलं की शेजारच्या हातात सुया द्यायच्या. एका आजींनी जुन्या स्वेटरची लोकर उसवून, लड करून, धुऊन, खाली वजन बांधून वाळवून आणली होती. उसवलेल्या लोकरीचे कुरळे असे सरळ होतात आणि नवी वीण एकसारखी येते.

भंडाऱ्यातल्या मोहाडीकडच्या एका ताईंनी टसरची, म्हणजे जंगली रेशमाची, करवती काठाची साडी आणली होती, आणि अर्धा तास सगळ्यांच्या सुया थांबल्या. काठाची नक्षी करवतीच्या दातांसारखी. अंग टसरचं आणि काठ सुती, काठाचे आणि अंगाचे धागे दातांच्या रेषेवर एकमेकांत अडकवत न्यावे लागतात. टसरची अळी ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते, म्हणून भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात हे काम टिकलं. ताई माहेरच्या मागाबद्दल बोलत होत्या आणि मला सारखं वाटत होतं की सुयांवर विणणाऱ्यांनी एकदा तरी मागाशेजारी बसून बघायला हवं. कुणाला तिकडे जायचं असेल तर तो वेगळा दिवस ठेवा, या फेरीत घुसवू नका.

नव्यानं बैठकीला जाणाऱ्यांनी एक पाळावं: अवघड जाळीचा नमुना नेऊ नये. गप्पांत टाके मोजणं होत नाही. मफलर किंवा मोजा न्यावा.

रविवारी पहाटे वर्ध्याची गाडी धरली. अंतर साधारण ऐंशी किलोमीटर, सव्वा-दीड तास. तिकीट काढताना नीट बघा: मुंबईकडच्या गाड्या वर्धा जंक्शनला जातात, चेन्नईकडच्या सेवाग्राम स्टेशनला. दोन्हीकडून शहरात ऑटो मिळतात. नागपूरचं स्टेशन सोडताना मला एम्प्रेस मिलची आठवण होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला ती सुरू केली, ती इथं कापूस पिकतो म्हणूनच. आज त्या जागेवर मॉल आहे.

वर्ध्यात आधी मगन संग्रहालय बघा. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ 1938 मध्ये ते सुरू झालं. हातानं फिरवायच्या तकलीपासून अनेक चात्यांच्या अंबर चरख्यापर्यंत सूतकताईचं सगळं एका ठिकाणी बघता येतं, आणि नैसर्गिक रंगांतली खादीही विकत मिळते. निघण्याआधी फोन करून उघडण्याची वेळ विचारून घ्या. रंगांचं एक लक्षात ठेवा. लोकर वनस्पतींचा रंग सहज धरते, कापूस धरत नाही. त्याला आधी हिरड्यासारखं तुरट काही आणि मग तुरटी द्यावी लागते, तेव्हा रंग पक्का बसतो. घरी डाळिंबाच्या सालीत सूत बुडवून ते फिकं निघालं म्हणणाऱ्यांनी ही पायरी करून बघावी.

दुपारी गटातल्या एका काकूंच्या ओळखीनं एका ताईंकडे पेटी चरख्यावर, म्हणजे पेटीत मिटणाऱ्या चरख्यावर बसले. उजव्या हातानं चाक, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी. हात मागे नेत धागा काढायचा, पीळ पुरेसा भरला की चाक किंचित उलटं फिरवून चातीच्या (धागा गुंडाळायच्या टोकदार सळईच्या) टोकावरचा धागा सोडवायचा आणि मग गुंडाळायचा. डाव्या हाताची पकड एवढीशी घट्ट झाली की पीळ अडतो, सैल झाली की धागा गाठाळ. कापसाचा तंतू बोटाच्या एका पेराएवढा, म्हणून त्याला लोकरीपेक्षा कितीतरी जास्त पीळ लागतो. सुताचा नंबर कसा काढतात तेही तिथंच नीट समजलं: 840 यार्डांची एक लड, आणि अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतात तितका नंबर. नंबर मोठा तितकं सूत बारीक.

हातसूत घेऊन विणणार असाल तर एकेरी सूत घेऊ नका. त्यात पीळ उरलेला असतो, तो वीण एका बाजूला ओढतो आणि चौकोन तिरका होतो. दोन धागे उलट्या दिशेनं एकत्र पिळलेलं सूत मागा. पीळ एकमेकांना तोलतात, वीण सरळ पडते. मी आणलेलं सूत तसंच आहे, आणि त्याचा पहिला नमुना धुऊन दोरीवर टांगलाही.

सेवाग्राम आश्रम वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर. तिथे घाई करू नका. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी बघा, आणि जमलं तर संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा. थांबणार असाल तर परतीची गाडी रात्रीची बघून ठेवा. अमरावती-अकोल्याकडच्यांनी पुन्हा नागपूरला जायचं कारण नाही. वर्ध्याहून बडनेऱ्याला थेट गाड्या आहेत, तेव्हा सामान सकाळीच बरोबर घेऊन निघा.